तांब्याची चकती

"पहिली सही तुमची हवी," हाम बाई म्हणाल्या आणि दारातच त्यांनी पॅड माझ्या छातीशी धरलं. रविवारची सकाळ होती, दहा वाजले होते, आत माझी बायको मि-रान किमचीसाठी कोबीच्या गड्ड्यांना मीठ लावत बसली होती आणि घरभर आल्या-लसणाचा वास होता. हाम बाई आमच्या चार नंबर इमारतीच्या प्रतिनिधी. त्या दारात आल्या की माणूस आपोआप शर्टाची बटणं चाचपतो. कागदावर मोजून चार ओळी छापल्या होत्या. वॉचमन प्यो जोंग-सू, वय एकाहत्तर, यांच्या प्रकृतीस हे काम झेपत नाही. सबब डिसेंबरअखेर संपणारा त्यांचा करार वाढवू नये, यास खालील रहिवाशांची संमती आहे. खाली घरांचे क्रमांक आणि त्यांच्यापुढे रिकामे चौकोन; आमच्या आवारात माणसाला हाकही घराच्या क्रमांकानेच मारतात. "माझ्यापासूनच सुरुवात कशाला?" मी विचारलं. "अहो, असं काय करता सातशेतीन! त्या दिवशी म्हाताऱ्याचा पाय मांडीवर घेऊन कोण बसलं होतं? सगळ्यांनी पाहिलंय. तुमची सही वर असली म्हणजे कोणी आपल्याला निर्दय म्हणणार नाही. त्यांच्या भल्यासाठीच आहे हो हे. या वयात गाड्या ढकलायच्या म्हणजे काय!" मी पेन हातात घेतलं. त्यांची नजर माझ्या नखांवर गेली, आणि मी मूठ मिटली.

नखांच्या कडांना काळं असतं माझ्या. साबण, मीठ, तांदळाचं धुवण, सगळं करून झालंय, जात नाही. मी पाण्याचे पंप बनवणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात बसतो, म्हणजे पंप मी कधी हातात घेत नाही, पंपांचे तक्ते करतो. सोमवारी केलेला तक्ता बुधवारी कोणीतरी बदलतो. रविवारी मात्र एखादा बोल्ट आवळला की तो आवळलेलाच राहतो, एवढ्यासाठी मी बावीस वर्षांची जुनी गाडी सांभाळून आहे असं म्हटलं तरी चालेल. पण अपार्टमेंटात राहून गाडीची कामं स्वतः करणं म्हणजे चोरीचा धंदा. ना आपलं अंगण, ना आपली भिंत. पाने-पक्कड बाल्कनीत, किमचीच्या फ्रीजमागे. जॅक भाजीच्या ढकलगाडीत, वर टॉवेल टाकून, लिफ्टने सात मजले खाली. "लोकांचे नवरे गोल्फच्या पिशव्या घेऊन उतरतात," मि-रान म्हणायची, "आमचे हे भाजी विकायला निघाल्यासारखे." शिवाय आवारात ठिकठिकाणी पाट्या: येथे वाहन दुरुस्ती करण्यास सक्त मनाई आहे. तीन वर्षांपूर्वी, इमारतीच्या मागे रद्दी-बाटल्यांच्या शेडजवळ मी गाडीखाली शिरलो असताना बाहेर एक काळा बूट येऊन थांबला. "सातशेतीन साहेब, पाटी वाचली नाहीत?" "वाचली, काका." "मग खाली पुठ्ठा तरी घाला. पाटी आमची आहे, पाठ तुमची आहे." आणि शेडमधून फ्रीजच्या खोक्याचा भलामोठा पुठ्ठा ओढत आणून त्यांनी तो माझ्या पाठीखाली सरकवला.

ते प्यो काका. वॉचमन होण्याआधी एकतीस वर्षं बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये होते, हे मला नंतर कळलं. कोणीतरी फेकून दिलेल्या पलंगाच्या फळ्या कापून त्यांनी मला गाडी चढवायला दोन लाकडी उतार करून दिले, आणि ते शेडमागे त्यांच्या झाडूशेजारी राहायचे. मी खाली झोपलेलो असलो की ते उगाच तिथलीच चार पानं पुन्हा पुन्हा झाडत राहायचे. हाम बाई येताना दिसल्या की खोकायचे. एकदा इतके खोकले की बाईंनी त्यांना औषध आणून दिलं. ते ऑइल नाकाशी धरून सांगायचे की इंजिनात काय चाललंय. आणि एक गोष्ट मात्र त्यांनी मला दर वेळी बजावली: ऑइलच्या टाकीच्या बोल्टखाली जी तांब्याची चकती असते, ती दर वेळी नवी घालायची. "एकदा आवळली की ती दबते. तिचं काम झालं. मग तिला उलटी करा, घासा, पूजा करा, ती पुन्हा धरत नाही." मला त्यांच्यासमोर वर्गातल्या पहिल्या बाकावर बसल्यासारखं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर आवडायचं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला 'शाब्बास' म्हणणारं जगात कोण उरलेलं असतं? काका म्हणायचे. फडक्याने बोल्ट पुसून दाखवला की म्हणायचे, "शाब्बास सातशेतीन."

त्या शाब्बासकीनेच घात केला. ऑक्टोबरातला तो रविवार. ऑइल मी आणलं, फिल्टर आणला, चकती विसरलो. गाडी त्या उतारांवर चढवलेली, जुनं ऑइल भांड्यात गळून गेलेलं, आणि पुडा उघडून बघतो तर चकती नाही. दुकान दोन स्टेशनं लांब. काका वाकून विचारतायत, "नवी चकती आहे ना?" आणि माझ्या तोंडून, मी विचार करायच्या आत, निघालं, "आहे!" हे असं निघण्याची मला सवय आहे. सक्तीच्या लष्करी नोकरीत मी ट्रक चालवत होतो. रोज सकाळी रांगेत उभं करून हवालदार विचारायचा, ऑइल पाहिलं? ब्रेक पाहिला? पाणी पाहिलं? आणि आम्ही छाती पुढे काढून ओरडायचो, पाहिलं! पाहिलेलं असो-नसो. नाही पाहिलं असं म्हणायची सोयच नव्हती, आणि म्हटलं असतं तर सगळ्या रांगेला मैदानाच्या फेऱ्या. दोन वर्षांत एकदाही माझा ट्रक बंद पडला नाही. काही झालं नाही, हेच वाईट झालं. मी गाडीखाली पडल्या पडल्या जुनी चकती शर्टाला पुसली, उलटी केली, बसवली, आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच जोर लावला. "शाब्बास," काका बाहेरून म्हणाले. त्यांना दिसत नव्हतं काही, माझे पाय सोडून.

दुपारी जागा शोधली तर सगळ्या भरलेल्या. आमचं संकुल बांधलं तेव्हा घरटी एक गाडी असेल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. आता घरटी दोन. तेव्हा सगळे करतात तेच मी केलं. उभ्या गाड्यांच्या रांगेसमोर आडवी लावली, चाकं सरळ केली, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक मोकळा. ज्याची गाडी आत अडकली असेल त्याने ढकलून वाट करून घ्यायची, हा इथला रिवाज. इथे हँडब्रेक ओढून गेलेल्या माणसाला जन्मभर नावं ठेवतात. मी कधीच ओढला नाही. त्या बाबतीत मी अगदी सज्जन आहे.

सोमवारी सकाळी, आठला दहा कमी असतील, मी दात घासत होतो. खालून आधी एक 'ढप्' आला आणि मग बाईचं ओरडणं. बाल्कनीतून पाहिलं तर माझी गाडी फुलांच्या वाफ्याच्या कडेला टेकून उभी, तिच्या पुढे पाचशेदोनच्या शिक्षिकाबाई तोंडावर हात घेऊन, आणि जमिनीवर काका. शिक्षिकाबाईंची गाडी आत अडकली होती, त्यांना शाळा गाठायची होती, काकांनी नेहमीप्रमाणे बॉनेटला हात लावून माझी गाडी मागे ढकलायला घेतली. गाडी मागे सरते तसा ढकलणारा पुढे येतो, आणि रात्रभर जिथे इंजिन उभं होतं नेमका तिथे त्याचा पाय पडतो. हे मला सातव्या मजल्यावर, तोंडात फेस असताना, एका क्षणात कळलं. कोणाला सांगावं लागलं नाही. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबली. खाली पोचेपर्यंत माझ्या मनात काकांचं काय झालं असेल याच्या आधी एकच गोष्ट होती, की ऑइल कोणाला दिसलं का. हे मी स्वतःपाशी कितीदा तरी उलटसुलट करून पाहिलंय. आधी तेच आलं मनात.

दिसलं नव्हतं. पहाटेच्या दवाने डांबर ओलं काळं झालेलं, त्यावर बशीएवढा काळा डाग. ज्याला ठाऊक आहे त्यालाच दिसावा. काका कुशीवर पडले होते, ओठ पांढरे, "काही नाही, काही नाही, जरा पाय मुरगळला," म्हणत होते आणि त्यांना उठता येत नव्हतं. चार-पाच माणसं जमली होती. मी धावत शेडकडे गेलो, पुठ्ठा आणला, "गार आहे खाली, यांच्याखाली घाला," म्हटलं, आणि दोघांनी त्यांना अलगद उचलल्यावर पुठ्ठा बरोबर त्या डागावर सरकवला. मग मी त्यांच्या पायाशी बसलो, उजवा पाय मांडीवर घेतला. बुटाच्या तळव्याला सोनेरी, स्वच्छ, नवंकोरं ऑइल लागलं होतं. कालचंच. कोणाच्याही डोळ्यावर आलं असतं. खिशातून रुमाल काढून मी तो तळवा पुसला. टाचेपासून बोटांपर्यंत, प्रत्येक खाचेतून, हळूहळू. लोक बघत होते. हाम बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, त्या म्हणाल्या, "बघा, स्वतःच्या बापाची सेवा कोणी करत नाही इतकी." मी मान वर केली तर काका माझ्याकडे बघत होते. कण्हणं थांबवून, नुसते बघत. पाय त्यांनी काढून घेतला नाही. मग अँब्युलन्स आली. खुब्याचं हाड मोडलं होतं.

त्या संध्याकाळी मी नवी चकती आणून बसवली. डागावर भुसा टाकला, झाडला, साबणाने घासला. कोणी विचारलं नाही. उलट लिफ्टमध्ये लोक मला वाकून नमस्कार करू लागले. आठशेएकच्या आजींनी पेरूएवढी मोठी पर्सिमनची केशरी फळं आणून दिली, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून." मि-रानसुद्धा महिनाभर माझ्याशी इतकी गोड वागली की माझ्या अंगावर काटा यायचा. एकदा हत्यारांच्या पेटीत तिला तो रुमाल सापडला. "अहो, हा टाकू का?" "राहू दे." "चांगला होता हो, मीच दिला होता. धुऊन बघू?" "राहू दे म्हटलं ना!" मी ओरडलो, आणि ती दुखावून आत गेली. तिला सांगावंसं वाटलं. रोज वाटलं. जेवताना वाटायचं, आता हा घास झाला की सांगू. हॉस्पिटलात भेटायला जावं असंही वाटायचं. दोनदा बसस्टॉपपर्यंत गेलो. एकदा तर फळांची टोपली घेऊन. ती टोपली मी ऑफिसात वाटली.

आणि आता हा कागद. "काही वाचायचंय का अजून?" हाम बाई म्हणाल्या. मी सांगू शकत होतो. एक वाक्य होतं फक्त: बाई, ते म्हातारपणाने पडले नाहीत, ते माझ्या ऑइलवरून घसरले. नऊ शब्द. तोंड उघडलंही. आतून मि-रानने विचारलं, "कोण आहे हो?" आणि मी म्हणालो, "काही नाही, सही करायचीय." मग केली. पहिल्या चौकोनात, सातशेतीन, तक गि-हो. माझी सही चांगली येते. हाम बाई म्हणाल्या, "देव तुमचं भलं करो," आणि आठव्या मजल्याचं बटण दाबायला गेल्या. मी आत जाऊन कोबीला मीठ लावू लागलो. हाताच्या चिरांमध्ये मीठ झोंबत होतं, आणि झोंबतंय हे मला बरं वाटत होतं. असली फुकटची शिक्षा मला फार आवडते.

गुरुवारी काका आपलं सामान न्यायला आले. मी रजेवर होतो. खरं म्हणजे ते येणार असं ऐकून रजा घेतली होती, आणि येणार म्हणूनच घरात दडून बसलो होतो. मि-राननेच किमचीचा डबा माझ्या हातात कोंबला. "जा, काकांना देऊन या. तुमच्यावर किती जीव त्यांचा." ते चौकीत एकटेच होते, काठी भिंतीला लावून, एका खोक्यात किटली, चष्मा, रेडिओ भरत. वाळून अर्धे झाले होते. माझी चाहूल लागताच म्हणाले, "या, सातशेतीन. बसा. म्हणजे मी बसतो, तुम्ही उभे राहा, खुर्ची एकच आहे." मी हसलो. डबा ठेवला. "पाय कसा आहे?" "लोखंड घातलंय आत. बोल्टसकट. थंडीत कळतं." खिडकीतून माझी गाडी दिसत होती. तिच्याकडे बघत त्यांनी विचारलं, "चकती बदललीत ना?"

मी मान हलवली. "कधी?" "त्याच संध्याकाळी." "बरं केलंत," ते म्हणाले. "काका, तुम्ही का नाही सांगितलंत?" मी विचारलं. विचारताना मला रडू फुटलं, आणि त्याचीही लाज वाटली, कारण रडायचा हक्क त्यांचा होता. ते म्हणाले, "मी सांगितलं असतं तर पहिला प्रश्न काय आला असता? पाटी असताना आवारात दुरुस्ती करू कोणी दिली? ते उतार कोणी करून दिले? म्हणजे दोन्हीकडून मीच. वॉचमनच्या बोलण्याला किती वजन असतं, ठाऊक आहे मला." त्यांनी रेडिओची वायर गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "पण तुमच्या बोलण्याला आहे. तुम्ही बूट पुसत होतात ना, तेव्हा मी मनात म्हटलं, घाबरलाय माणूस. घाबरू दे. दोन दिवसांनी सांगेल. सहा आठवडे म्हणत राहिलो. नर्स विचारायची, कोणी येणारेय का तुमचं? मी म्हणायचो, हो, एक जण यायचाय." मग त्यांनी भिंतीकडे हात केला. तिथे तो कागद लावलेला होता, एकशेसात सह्या भरलेला. "वरून वाचायला घेतला," ते म्हणाले. त्यांचं बोट पहिल्याच चौकोनाशी थांबलं. खोकं उचलायला मी हात पुढे केला तर ते म्हणाले, "नको, नातजावई येतोय गाडी घेऊन." डबा मात्र त्यांनी नेला, मि-रानला धन्यवाद सांगा म्हणाले.

मी वर गेलो, पेटीतला रुमाल घेतला आणि थेट हाम बाईंच्या दारावर. दार उघडल्याबरोबर सगळं सांगितलं. चकती, खोटं बोलणं, पुठ्ठा, बूट. एका दमात, रुमाल त्यांच्यापुढे धरून. त्या ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा मऊ मऊ होत गेला. "तक साहेब," त्यांनी पहिल्यांदाच मला नावाने हाक मारली, "मला ठाऊकच होतं तुम्हाला हे लागणार. आत्ता त्यांना भेटून आलात ना? अहो, त्यांची नोकरी वाचावी म्हणून तुम्ही स्वतःवर घेताय. या काळात कोण करतं असं!" "अहो बाई, खरंच सांगतोय! हा रुमाल बघा!" "गाडीवाल्याच्या घरात तेलकट फडकं असणारच हो. मला काय कळत नाही?" "डाग होता तिथे! मी घासला!" "असेल, असेल. आणि समजा असलाच," आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "तर आता काय करायचं त्याचं? नवा माणूस ठरलाय. एकशेसात लोकांनी सही केलीय. त्या सगळ्यांना चूक ठरवणार? तुमचीच सही पहिली आहे. जा, घरी जा, गरम काहीतरी प्या. काळजी घ्या स्वतःची." त्यांनी माझा रुमालवाला हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन दाबला. त्यांच्या बोटांना काळं लागलं. दार लागल्यावर आतून नळाचा आवाज आला.

मी संकुलाच्या ऑफिसात लेखी दिलं. त्यांनी ते घेतलं, शिक्का मारून पोच दिली. आमच्या घरांत छताला जो सूचनांचा भोंगा असतो, त्यातून दुसऱ्या दिवशी सूचना आली: आवारात वाहन दुरुस्तीस मनाई आहे, तरी सहकार्य करावे. बस, इतकंच. मि-रानला मी सांगितलं. तिने विश्वास ठेवला. तिने एकटीने ठेवला. दोन दिवस माझं ताट वाढून ती दुसऱ्या खोलीत जाऊन जेवली, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "त्यांचा पत्ता आहे का?" पत्ता ऑफिसने दिला नाही. खासगी माहिती असते ती.

जानेवारीपासून मी रोज साडेसातला खाली उतरतो. नवा वॉचमन चाळिशीतला आहे, तो गाड्या ढकलत नाही, त्याच्या करारात तसं लिहून घेतलंय त्याने, शहाणा आहे. मग मी ढकलतो. ज्याची गाडी अडकली असेल त्याच्यापुढची आडवी गाडी, बॉनेटला दोन्ही हात लावून, आधी पायाखालचं डांबर नीट बघून. लोकांना वाटतं, मी काकांच्या आठवणीखातर करतो. आठशेएकच्या आजी खिडकीतून हात जोडतात. हाम बाई नव्या बिऱ्हाडांना माझं नाव सांगतात. मी जितका ढकलतो तितका चांगला होत जातो, आणि थांबवू तरी कसं?

काल सकाळी एक तरुण बाई आली, हातात किल्ली, कानाला फोन. नवीनच राहायला आलेली असावी. माझी जुनी टोपी आणि काळी नखं बघून तिने बोटानेच गाडी दाखवली. "काका, लवकर ढकला ना, तुम्हाला कशाला ठेवलंय इथे?" मी ढकलली. गाडी हलेना, कोणीतरी हँडब्रेक ओढून गेलं होतं. "जोर लावा की!" ती म्हणाली. मी लावला. बुटाचा तळवा डांबरावरून सरकला, गुडघा टेकला, हात सोलला. तिने फोनमध्ये सांगितलं, "अगं, हा इथला वॉचमन एकदम म्हातारा आहे, झेपत नाही त्याला. तक्रार करायला पाहिजे." आणि टॅक्सी बोलवून निघून गेली. मी गुडघ्यावर तसाच थोडा वेळ राहिलो. "करा," मी म्हणालो, पण टॅक्सी तोवर फाटकाबाहेर गेली होती.